पाढे पाठ, पण दिवस सुरू होईना: मेंदूच्या दुखापतीनंतर एका घराची दोन वर्षं

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पुनर्वसन विभागात समुपदेशन करते. रुग्णाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संमतीने हे लिहिते आहे. डोक्याला मार लागलेला माणूस चालायला-बोलायला लागला की घरातले आणि गावातले सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि नेमक्या त्याच वेळी मदतीचे हात मागे घेतले जातात. या घरात तेच झालं. पुढे त्यातून वाट कशी निघाली, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ४३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, आपणही तेच म्हणू. घरात पत्नी, आई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, बहीण शेजारच्या गावात दिलेली.

जानेवारीचा महिना, उसाचा गाळप हंगाम ऐन भरात. केंद्रशाळेतली बैठक आणि नंतर एका सहकाऱ्याकडचं जेवण आटोपून गुरुजी रात्री मोटरसायकलवरून घरी निघाले होते. वळणावर उसाने भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हेल्मेट बरोबर होतं, पण ते टाकीवर ठेवलेलं. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने १०८ला फोन केला, म्हणून वेळेत ग्रामीण रुग्णालय आणि तिथून शहरातलं मोठं रुग्णालय गाठता आलं.

दाखल करताना ग्लासगो कोमा स्केलवर गुण होते ७. हे मोजमाप ३ ते १५ असतं, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. सिटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला, कपाळामागे, दोन्ही बाजूंनी मार दिसला. उजवीकडे मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचून मेंदू डावीकडे सरकला होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला. व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र, नाकातून नळी, मग हळूहळू एकेक नळी निघत गेली. सात आठवड्यांनी गुरुजी घरी आले. मे महिन्यात कवटीचा तुकडा परत बसवला.

आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना मी हमखास विचारते, “काल काय झालं ते आज लक्षात राहायला कधी सुरुवात झाली?” बेशुद्धी किती दिवस होती हे सगळ्यांच्या ध्यानात असतं. पण डोळे उघडल्यानंतरही माणूस बराच काळ गोंधळलेला असतो, नवं काही मनात टिकत नाही. हा गोंधळाचा काळ जितका लांब, तितकी पुढची वाट अवघड, असा साधारण अंदाज बांधता येतो. गुरुजींचा हा काळ अपघातापासून पाच आठवड्यांच्या वर गेला होता. घरच्यांना हे कोणी विचारलंही नव्हतं आणि त्याचा अर्थ सांगितलाही नव्हता.

अडचण काय होती

जूनच्या सुरुवातीला पत्नी आणि भाऊ त्यांना घेऊन आमच्याकडे आले. गुरुजी चालत आले, नमस्कार केला, नाव-गाव नीट सांगितलं. भावाने कौतुकाने सत्तावीसचा पाढा म्हणायला लावला, तो त्यांनी न अडखळता म्हटला. “डोकं शाबूत आहे, फक्त थोडा चिडचिडेपणा आहे,” भाऊ म्हणाला. पत्नी गप्प होत्या. त्यांना वेगळं बसवून विचारलं, तेव्हा खरी हकीकत कळली.

गुरुजी सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसत ते दहा-अकरापर्यंत तसेच. अंघोळ कर म्हटलं की “करतो” म्हणत, आणि उठत नसत. सासूबाईंना तो आळस वाटे, मुलाला मुद्दामपणा. संध्याकाळी याच्या उलट. कुकरची शिट्टी, टीव्ही, भेटायला आलेली माणसं, आणि कुठल्याही क्षुल्लक गोष्टीवरून भडका. मुलावर दोनदा हात उगारला होता. आयुष्यात कधी शिवी न दिलेला माणूस बायकांसमोर नको ते बोलून जाई आणि त्यात काही वावगं झालं हे त्याच्या गावीही नसे. दूध उतू जाऊन जळालं तरी शेजारी बसलेल्या गुरुजींना पत्ता नव्हता. तपासल्यावर कळलं की त्यांना वासच येत नाही. कपाळाच्या भागाला मार लागला की वास नेणारे नाजूक तंतू तुटू शकतात. असं बऱ्याच जणांचं होतं, आणि घरात गॅस असताना ते धोक्याचं असतं. घरात न विचारता मोबाईलवरून कुणा ओळखीच्याला पैसे पाठवून झाले होते. या सगळ्याबद्दल विचारलं की गुरुजींचं उत्तर एकच: “मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे.”

हे ते खोटं बोलत नव्हते. स्वतःतला बदल ओळखण्याचं कामही मेंदूचा तोच भाग करतो, ज्याला मार लागला होता. मानसशास्त्रीय चाचण्यांत चित्र स्पष्ट झालं. जुनं ज्ञान, शब्दसंपत्ती, पाढे, कविता सगळं जागेवर. पण काम सुरू करणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं, मनात आलेलं रोखून धरणं आणि नवं लक्षात ठेवणं यांत मोठी घट. घरच्यांना मी असं सांगितलं: शाळेत सगळे शिक्षक हजर आहेत, फळे-खडू आहेत, मुलं बसली आहेत, पण घंटा देणारं कुणी नाही. गुरुजींच्या आईंना ते लगेच समजलं. “म्हणजे घंटा आपण द्यायची,” त्या म्हणाल्या. पुढच्या सगळ्या आखणीचं सूत्र या माउलीच्या तोंडून आलं, असं मला आजही वाटतं.

पत्नींची अवस्था हा वेगळा विषय होता. त्या रात्री सलग झोपत नव्हत्या, गावातलं शिवणकाम बंद पडलं होतं. “लोक म्हणतात नशीबवान आहेस, कुंकू वाचलं. माणूस घरी आला खरा, पण माझा नवरा काही आला नाही. हे कुणाला सांगू?” असं त्या म्हणाल्या. गेलेल्या माणसासाठी रडायला समाज जागा देतो. समोर बसलेल्या माणसासाठी रडायची सोय नसते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, १५ जूनला शाळेवर हजर होणं. रजा संपत आली होती, पतसंस्थेचं कर्ज चालू होतं, आणि गुरुजींचा स्वतःचा आग्रह होता. भाऊही याच मताचा होता. “कामात पडला की आपोआप सुधारेल,” असं तो म्हणे.

दुसरा, पुण्या-मुंबईच्या पुनर्वसन केंद्रात काही महिने ठेवणं. शारीरिक अपंगत्व मोठं असतं तर मी हाच सुचवला असता. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूच्या दुखापतीनंतरचं पुनर्वसन होतं. पण गुरुजींची अडचण घरातल्या दिवसाची होती. तिथे शिकलेलं इथे लागू करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. खर्च आणि सोबत कोण राहणार, हे प्रश्नही होतेच.

तिसरा, नोकरी सोडणं. हा एका नातेवाइकाने सुचवला होता, आणि गुरुजींची लहर पाहता ते एखाद्या दिवशी राजीनामा लिहून मोकळे होतील अशी पत्नींना धास्ती होती.

चौथा, वैद्यकीय रजा वाढवून घरीच दिवसाची बांधणी करणं आणि कामावर टप्प्याटप्प्याने परतणं. आमचा कौल याला होता. त्यासाठी कागदपत्रं बरीच लागणार होती आणि काही महिने पगार नसण्याची तयारी ठेवावी लागणार होती.

निर्णय कुटुंबाचा. त्यांनी पहिला पर्याय निवडला. त्यांना दोष देता येत नाही. जखम भरली होती, सर्जनने “हलकं काम करू शकतात” असं लिहून दिलं होतं, आणि समोरचा माणूस पाढे म्हणून दाखवत होता.

दहा दिवस शाळा

गुरुजींकडे तिसरीचा वर्ग होता. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग ते दुपारनंतर वर्गात नुसते बसून राहू लागले. एकदा वर्ग तसाच सोडून एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. दहाव्या दिवशी गोंगाटात एका मुलाच्या कानशिलात मारली. पालक शाळेत आले. मुख्याध्यापक जुने सहकारी होते. त्यांनी पालकांना घरी नेऊन सगळी हकीकत सांगितली, गुरुजींना रजेवर पाठवलं आणि भावाला बोलावून घेतलं. या एका समंजस माणसामुळे प्रकरण चौकशीपर्यंत गेलं नाही.

त्या प्रसंगाने भाऊ हादरला. तोवर तो फोनवरून सल्ले देणारा होता. त्या रविवारी तो आला आणि पहिल्यांदाच चार दिवस घरी राहिला. चौथ्या दिवशी त्याचा मला फोन आला, “ताई, वहिनी हे सहा महिने एकटी कशी सोसतेय?”

मग काय केलं

कुटुंबाची एक बैठक आमच्याकडे झाली. आई, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, आणि गुरुजीही. त्यांना वगळून त्यांच्याबद्दल ठरवायचं नाही, यावर मी ठाम होते. त्यांना दोष पटत नसले तरी “शाळेत परत नीट जायचंय” हे त्यांना मनापासून हवं होतं. म्हणून प्रत्येक गोष्ट त्या ध्येयाशी जोडली.

घंटा देण्याचं काम भिंतीवरच्या फळ्याने केलं. त्यावर दिवसाचं वेळापत्रक, शाळेच्या तासांसारखं, आणि ते रोज रात्री गुरुजींनीच स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहायचं. मोबाईलवर प्रत्येक तासाला गजर. सांगायची पद्धत बदलली. “अंघोळ कधी करणार?” या प्रश्नाला उत्तर येई, कृती येत नसे. “चला, पाणी काढलंय,” म्हणत हातात टॉवेल दिला की ते उठत. एका वेळी एकच सांगायचं, आणि ते झाल्यावर पुढचं.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न मोठा होता. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस आपुलकीने विचारतो, “ओळखलंस का मला?” नाव आठवलं नाही की गुरुजी ओशाळत आणि मग चिडत. दर भेट ही त्यांची परीक्षा होत होती. बहिणीने भावकीत सांगून टाकलं: आल्या आल्या आपणच सांगायचं, “मी तुझा आतेभाऊ, आपण पंढरपूरला बरोबर गेलो होतो.” एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि संध्याकाळी कुणीच नको.

संध्याकाळ का, तर पत्नींनी एका वहीत भडक्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. वेळ काय, आधी काय झालं, घरात कोण होतं, थांबलं कसं. महिन्याभराची पानं चाळली तेव्हा बहुतेक प्रसंग चार ते सात या वेळेतले निघाले. दिवसभर लक्ष एकवटून मेंदू थकतो, त्यात आवाज आणि गर्दी. म्हणून दुपारी तासभर अंधाऱ्या खोलीत विश्रांती, टीव्ही बंद, मुलीच्या मैत्रिणींचा अभ्यास शेजारच्या घरी. आणि भडका उडालाच तर समजूत घालत बसायचं नाही, वाद तर नाहीच. “मी पाणी आणते” म्हणून खोलीबाहेर पडायचं. मुलाला हे सर्वात जड गेलं. वडिलांना उलट उत्तर न देता बाहेर जाणं त्याला हार मानल्यासारखं वाटे. त्याच्याशी मी स्वतंत्र बोलले. त्याला स्कॅनची फिल्म दाखवून मार कुठे लागला ते समजावलं, तेव्हा तो बराच वेळ रडला.

घरातल्या सुरक्षिततेचं लवकर उरकलं. गॅसचा रेग्युलेटर वापरानंतर बंद आणि गळती झाल्यास वाजणारं यंत्र. गोळ्यांसाठी वारांची डबी. मोबाईल बँकिंगची रोजची मर्यादा अगदी कमी. मोटरसायकल दुरुस्त करून ठेवली होती, ती भावाने पुण्याला नेली. गुरुजी त्यावर महिनाभर चिडून होते.

ऑगस्टमध्ये एक वळण आलं. फिट येऊ नये म्हणून त्यांना लेव्हेटिरासिटॅम चालू होती. या गोळीने चिडचिड वाढू शकते हे पत्नीच्या भाचीने वाचलं आणि घरच्यांनी ती एकदम बंद केली. आठवड्याभरात अंगणात फिट आली. सुदैवाने लागलं नाही. भाचीचा संशय बरोबर होता, हे न्यूरॉलॉजिस्टनीही मान्य केलं. त्यांनी दुसरं औषध हळूहळू वाढवत पहिलं कमी केलं, आणि चिडचिडीत फरक पडला. शंका रास्त असली तरी ती डॉक्टरांपर्यंत न्यायला हवी होती. पण शंका विचारली तर डॉक्टर रागावतील, ही भीती अशा घरांत खोलवर बसलेली असते. तेव्हापासून पत्नी प्रत्येक तपासणीला जाताना ती वही नेऊ लागल्या.

आई गुरुजींना देवऋषीकडेही घेऊन जात. मी त्यांना एवढंच म्हटलं, की अंगारा लावा, पण गोळी चुकवायची नाही आणि उपाशी ठेवायचं नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

पत्नींचा भार वाटून घेणं हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते. ते “जमेल तसं बघू” वर सोडलं नाही, वाटणी कागदावर लिहिली. दर रविवारी बहीण येणार आणि पत्नी त्या दिवशी घराबाहेर पडणार. महिन्यातून एकदा भाऊ शनिवार-रविवार मुक्कामी. शिवणकाम पुन्हा सुरू, रोज दोन तास, त्या वेळी आई लक्ष ठेवणार. पहिले काही रविवार पत्नी माहेरी जाऊन नुसत्या झोपल्या.

नोकरीचं काय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २० या घराला ठाऊक नव्हतं, आणि ते बहुतेक घरांना ठाऊक नसतं. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद नसेल तर मिळेपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात, म्हणजे जिल्हा परिषद आलीच. राजीनामा लिहून दिला असता तर हे संरक्षण हातचं गेलं असतं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात बऱ्याच खेपा झाल्या. कायद्यातल्या यादीत मेंदूची दुखापत असा वेगळा प्रकार नाही, तिच्या परिणामांवरून मूल्यमापन होतं. हात-पाय धड असलेल्या माणसाची अडचण तिथल्या वैद्यकीय मंडळासमोर मांडायला मानसशास्त्रीय चाचण्यांचा अहवाल आणि पत्नींची वही या दोन गोष्टी कामी आल्या. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यातही तोच अहवाल जोडला. मोटार वाहन कायद्यात दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट २०२२ पासून आहे, ती मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना वकिलांकडे जाणं झालं. शेजारगावच्या ट्रॅक्टरवाल्याविरुद्ध कसं जायचं, या संकोचात हे महिने गेले होते.

परिणाम

अपघाताला दोन वर्षं होऊन गेली. गुरुजी सध्या केंद्रशाळेत आहेत. वर्ग नाही, हजेरीपत्रकं, दाखले आणि ग्रंथालय. काम सकाळच्या वेळात, बसायला वेगळी खोली. दाखल्यांवरचं त्यांचं अक्षर पाहून लोक थांबतात. भडके महिन्यातून एखाद-दुसरे. त्यांना आता स्वतःहून जाणवतं, “डोकं भरलं, मी पडतो जरा,” असं ते म्हणतात. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रगतीत हे वाक्य सर्वात मोठं आहे.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. फळ्याशिवाय दिवस अजून सुरू होत नाही. वास परत आलेला नाही. मुलगा दहावी चांगल्या गुणांनी पास होऊन शिकायला बाहेर गेला, पण वडिलांशी बोलणं तुटक आहे. पत्नी म्हणतात की नव्या माणसाशी त्यांची ओळख होते आहे, काही दिवस तो आवडतो, काही दिवस नाही. दावा न्यायाधिकरणात प्रलंबित आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्चार्जच्या वेळी जखमेची काळजी, गोळ्या आणि टाके यांबद्दल सांगितलं गेलं. स्वभाव, पुढाकार, थकवा, वास यांबद्दल कुणी बोललं नाही. तेव्हाच अर्धा तास दिला असता आणि चाचण्या शाळा उघडण्याआधी झाल्या असत्या, तर “हलकं काम” याचा अर्थ तिसरीचा वर्ग असा कुणी घेतला नसता. आठ-आठ वर्षांच्या तीस मुलांना सांभाळणं हे मेंदूच्या पुढच्या भागासाठी अतिशय जड काम आहे.

पत्नींना पहिल्या भेटीत वेगळं बसवलं म्हणून खरं कळलं. त्याआधीच्या सगळ्या तपासण्यांत प्रश्न गुरुजींना किंवा भावाला विचारले गेले होते. चोवीस तास सोबत असलेल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

मुलीकडे सगळ्यांचंच लक्ष उशिरा गेलं. ती शांत होती, त्रास देत नव्हती, म्हणून ती ठीक आहे असं धरलं गेलं. तिचे गुण घसरल्यावर शिक्षिकेने बोलावलं, तेव्हा कळलं की वडील चिडू नयेत म्हणून ती घरात मोठ्याने वाचतच नव्हती. आता तिच्या वाचनाची जागा आत्याचं घर आहे, रविवारी.

सध्या चर्चा एका गोष्टीची आहे. गुरुजींना पुन्हा शिकवायचं आहे. मुख्याध्यापकांनी सुचवलंय की दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा, सकाळचा पहिला तास, चौथीच्या सात-आठ मुलांना गणित, आणि वर्गात दुसऱ्या शिक्षिका हजर. भाऊ नको म्हणतो, पत्नींना करून बघावं असं वाटतं. गुरुजींनी फळ्यावर त्या तासाची आखणी लिहूनही ठेवली आहे. मी एकच अट घातली आहे: महिन्याने वही समोर ठेवून बसायचं आणि पुढचं तेव्हा ठरवायचं.